पडद्यावरचे व्याख्यान, पडद्यामागचे नियोजन

(नगरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली झाला. पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. त्यांची कीर्ती वक्त्यांच्या नावाने झाली, हे खरे. पण त्या टिकल्या त्या सतरंज्या अंथरणाऱ्या, ध्वनिक्षेपक तपासणाऱ्या आणि आदल्या संध्याकाळी चार घरी जाऊन ‘उद्या साडेसहाला या’ असे सांगणाऱ्या माणसांच्या बळावर. २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ही सारी सभागृहे एकाएकी ओस पडली. व्याख्यानांचा ऋतू तोंडावर आला होता आणि सतरंजी घालायला जागाच उरली नव्हती.

तेव्हा ‘वेबिनार’ हा शब्द घरोघर पोहोचला. त्याच वर्षी २६ एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सरसंघचालक मोहनजी भागवत यांचे बौद्धिक नागपूरहून आंतरजालावरून थेट प्रसारित झाले. विजयादशमीचा उत्सवही मोजक्या स्वयंसेवकांच्या उपस्थितीत झाला आणि बाकीच्यांनी तो घरी बसून ऐकला. टाळेबंदी उठली, सभागृहे पुन्हा गजबजली; वेबिनार मात्र राहिला. राहायलाच हवा होता. वक्ता सांगलीत, श्रोता चंद्रपुरात आणि त्याचे लेक-जावई न्यू जर्सीत, अशी आज कित्येक मराठी कुटुंबांची स्थिती आहे. गुडघेदुखीमुळे जिना उतरू न शकणाऱ्या आजींना व्याख्यान ऐकण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

तरीही बहुतेक वेबिनार फसतात. प्रारंभी साठ माणसे, वीस मिनिटांनी पंचवीस आणि आभारप्रदर्शनाला आयोजकच तेवढे, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. दोष यंत्राला दिला जातो. यंत्र बिचारे आपले काम चोख करत असते. तुटलेली असते ती माणसांची साखळी.

पहिली चूक प्रकार निवडण्यात होते. बैठक आणि व्याख्यान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा-वीस कार्यकर्त्यांनी विचारविनिमय करायचा असेल, तर सर्वांना एकमेकांचे चेहरे दिसणारी साधी आभासी बैठक पुरे. दोनशे माणसांनी एकाचे विचार ऐकायचे असतील, तर वक्ते आणि संचालक तेवढेच दिसतील, बाकीचे ऐकतील, अशी वेबिनारची रचना हवी. यूट्यूबवरून थेट प्रसारण केले तर कोणालाही पाहता येते, पण कोण आले आणि कोण नाही, हे नीट कळत नाही. शिवाय नव्या वाहिनीवर प्रथमच थेट प्रसारण करायचे असेल, तर ती सोय सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. हे कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी लक्षात आले की धावपळ उडते.

माध्यम निवडताना मर्यादाही पाहाव्यात. झूमच्या विनामूल्य सेवेत सभा ४० मिनिटांनी तुटते. नेमका वक्ता विषयाच्या गाभ्याशी आलेला असतो! एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने याच माध्यमाविषयी सावधगिरीची सूचना काढली होती. त्यात सांगितलेली पथ्ये आजही प्रत्येक माध्यमाला लागू पडतात : दर सभेला नवा परवलीचा शब्द ठेवावा, येणाऱ्याला आधी प्रतीक्षा कक्षात थांबवावे, स्वतःचा पडदा इतरांना दाखवण्याचा अधिकार यजमानाकडेच ठेवावा. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या स्पर्धेत केरळातील अलप्पुळाच्या टेकजेन्शिया या छोट्या कंपनीने दृक्श्राव्य संवादाचे भारतीय साधन सिद्ध करून प्रथम क्रमांक मिळवला. झोहोसारख्या भारतीय कंपन्यांचीही अशी सेवा उपलब्ध आहे. पर्याय नाहीत, ही सबब आता चालणार नाही.

वेळ ठरवताना परदेशस्थ श्रोत्यांचा विचार हवा. आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात मात्र पहाटेचे सहा किंवा पाच. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलतात. त्या आठवड्यांत निमंत्रणावर केवळ भारतीय वेळ छापली, तर निम्मे लोक तासभर आधी किंवा नंतर येतात.

आता मुख्य गोष्ट, संपर्काची. आकर्षक चित्रपत्रिका करून ती दहा व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकली की निमंत्रण झाले, असा समज पसरला आहे. हे निमंत्रण नव्हे, ही दवंडी होय. शाखेचा उत्सव असला की गटशः याद्या होतात, प्रत्येकाकडे दहा घरे येतात, आणि ‘निरोप पोहोचला का?’ याचे वृत्त घेतले जाते. वेबिनारलाही तीच पद्धत लावावी. दहा घरांमागे एक कार्यकर्ता असावा. त्याने दूरध्वनी करावा आणि जमल्यास प्रत्यक्ष जावे, कारण ज्येष्ठांच्या घरी खरी अडचण तिथेच कळते. दुवा कुठे दाबायचा हे ठाऊक नसते, आवाज बारीक येतो, भ्रमणध्वनी मुलाच्या नावावर असतो. ‘आजोबा, आपण एकदा करूनच पाहू’ असे म्हणून शेजारी बसणारा महाविद्यालयीन तरुण हा या कामातील खरा तंत्रज्ञ. त्या दहा मिनिटांत चहा होतो, विचारपूस होते. काही घरांत तर बाहेरचे माणूस कित्येक दिवसांनी आलेले असते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आणि प्रारंभापूर्वी पाऊण तास पुन्हा एकेक आठवण द्यावी.

रंगीत तालीम टाळू नये, विशेषतः वक्ता ज्येष्ठ असेल तर. त्यांना ‘सर, तुमची चाचणी घ्यायची आहे’ असे न म्हणता ‘आमची व्यवस्था तपासायची आहे’ असे म्हणावे. खिडकी पाठीशी असली की चेहरा काळा दिसतो. प्रकाश समोरून हवा. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा, कानाला श्रवणयंत्र असले तर ध्वनी आधी जुळवून घ्यावा. वीज गेल्यास दुसरी जोडणी कोणती आणि वक्त्याचा संपर्क तुटल्यास पाच मिनिटे कोण बोलणार, हेही त्याच वेळी ठरवावे.

कार्यक्रमात किमान चौघे हवेत : सूत्रसंचालक, येणाऱ्यांना आत घेणारा, लेखी प्रश्न निवडणारा आणि चौथा केवळ दूरध्वनीजवळ बसणारा. ‘आवाज येत नाही’ असे सांगणाऱ्यांचे फोन त्याने घ्यायचे. वेळेवर प्रारंभ व्हावा. सभागृहात अर्ध्या तासाच्या स्वागत-परिचयात लोक शेजाऱ्याशी बोलत बसतात. घरी ते उठून जातात. शाल-श्रीफळ आंतरजालावरून देता येत नाही, तेव्हा सत्काराचे शब्दही आवरावेत. चाळीस मिनिटे व्याख्यान आणि वीस मिनिटे प्रश्नोत्तरे एवढे पुष्कळ झाले. अवघड प्रश्न गाळून केवळ स्तुतीचे वाचू नयेत. श्रोत्यांना ते ताबडतोब कळते, आणि पुढच्या वेळी प्रश्नच येत नाहीत.

ध्वनिचित्रमुद्रण करायचे असेल तर आरंभीच सांगावे. नोंदणीसाठी घेतलेले दूरध्वनी क्रमांक अन्य गटांत परस्पर टाकणे सर्वथा गैर आहे. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. पण कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दिलेले क्रमांक जपणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्यच होते.

यशाचे मोजमाप पडद्याच्या कोपऱ्यातील आकड्याने करू नये. तीनशे ‘दर्शक’ झाले असे वृत्तात लिहिता येते, पण त्यातले कित्येक दोन मिनिटे डोकावलेले असतात. दुसऱ्या दिवशी नोंदणीची यादी समोर घ्यावी. जे शेवटपर्यंत थांबले, त्यांचा अभिप्राय विचारावा. ज्यांनी प्रश्न विचारला पण वेळेअभावी राहून गेला, त्यांना वक्त्याकडून उत्तर मिळवून द्यावे. आणि पहिला दूरध्वनी करावा तो नोंदणी करूनही न आलेल्यांना : ‘काका, काल आपण दिसला नाहीत. प्रकृती बरी आहे ना?’