धावपटूचे मीठ-पाणी
लांब पल्ल्याच्या धावपटूची ऊर्जा स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या रूपात असते, आणि हा साठा मर्यादित असल्याने ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये तो अखेरच्या टप्प्यात आटून पाय जड होतात. म्हणून आदल्या एक-दोन दिवसांत भात, भाकरी, बटाटा, केळी वाढवणे हिताचे ठरते. शर्यतीच्या सकाळी मात्र सवयीबाहेरचा पदार्थ टाळावा.

पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम ओघळतो पण लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर नीट थंड होत नाही आणि घाम वाढतच जातो. सरावाआधी आणि सरावानंतर अंग कोरडे करून वजन केल्यास घटलेला प्रत्येक किलो साधारण एक लिटर घामाचा असतो, आणि ही घट शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांपलीकडे गेली, की विशेषतः उकाड्यात दमसास कमी होतो. ६० किलोच्या धावपटूसाठी ही मर्यादा जेमतेम १.२ किलो आहे. याउलट, तहान नसतानाही नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम, म्हणजे मिठातला घटक, विरळ होऊन मळमळ व डोकेदुखी सुरू होते आणि प्रसंगी जिवावर बेतते, हे प्रशिक्षकांनी खेळाडूंना आवर्जून सांगायला हवे. धावून आल्यावर मीठ घातलेले ताक किंवा लिंबूसरबत थोडे थोडे घेतल्यास पाणी आणि मीठ या दोन्हींची भरपाई होऊ लागते.