ठरावातले आपले कलम

(मंडळाच्या विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



मजसारख्या मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या निवृत्त शिक्षकाला या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांनी उपदेश करावा असा प्रघात आहे. तथापि मी आज उपदेश करणार नाही. माझ्या नातीकडून मी जे शिकलो आणि त्यामुळे माझी जी एक जुनी चूक मला उमगली, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

नववीत शिकणारी माझी नात गेल्या वर्षी एका आंतरशालेय उपक्रमात गेली होती. त्यास 'मॉडेल युनायटेड नेशन्स' म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघाची ही विद्यार्थ्यांनी भरवलेली प्रतिकृती होय. ही प्रथा नवी नाही. जुन्या राष्ट्रसंघाच्या काळातच, म्हणजे १९२० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील विद्यापीठांतून असे खेळ होऊ लागले होते. १९४५ साली ५१ राष्ट्रांनी स्थापन केलेल्या संयुक्त राष्ट्रसंघात आज १९३ राष्ट्रे आहेत. त्यांपैकी एकेक राष्ट्र एकेका विद्यार्थ्याच्या वाट्यास येते. त्याने स्वतःचे नव्हे, तर त्या राष्ट्राचे मत मांडावयाचे असते. प्रथम भाषणे होतात, मग समविचारी प्रतिनिधी गट करून आपापले टिपण लिहितात. अशी दोन-तीन टिपणे एकत्र करून ठरावाचा मसुदा तयार होतो, आणि त्यावर मतदान होते.

या ठरावाची रचना पाहून माझ्यातला व्याकरणाचा शिक्षक सुखावला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या रीतीप्रमाणे संपूर्ण ठराव, मग तो दहा पानांचा का असेना, हे एकच वाक्य असते. आरंभी 'महासभा' हा कर्ता. पुढे 'स्मरण करून', 'चिंता व्यक्त करून' अशी कारणे सांगणारी प्रास्ताविक कलमे. त्यानंतर 'शिफारस करते', 'आवाहन करते' अशा क्रियापदांची क्रमांकित कलमे. आणि पूर्णविराम फक्त शेवटी. कर्ता एक, क्रियापदे अनेक. एकत्र येऊन काम करणाऱ्यांनी याहून अधिक काय शिकावे?

माझ्या नातीकडे बांगलादेश आला होता आणि विषय होता पिण्याच्या शुद्ध पाण्याचा. त्या देशात रोगराई टाळण्यासाठी लक्षावधी नलिकाकूप खोदले गेले. परंतु १९९० नंतरच्या दशकात असे लक्षात आले की त्यांपैकी अनेकांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष आहे. मग पाणी तपासून विषारी पंपांना तांबडा व निर्धोक पंपांना हिरवा रंग देण्यात आला. ही तपासणी पुनःपुन्हा व्हावी आणि तिचा निष्कर्ष निरक्षर माणसालाही कळावा, असे कलम नातीने लिहिले होते. गटात सहाजण होते. कोणाला समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र हवे होते, कोणाला नळयोजनेसाठी निधी. ज्याचे इंग्रजी चांगले त्या मुलाने सर्वांचे मिळून एक टिपण केले. संध्याकाळी ती हिरमुसली होऊन घरी आली.

"आजोबा, माझे कलम कोणी नाकारले नाही, पण शेवटच्या कागदात ते मला सापडतच नाही," ती म्हणाली.

मी कागद वाचला. तेथे एवढेच होते, की पाण्याची गुणवत्ता सुधारण्यात यावी. वाक्य निर्दोष होते. त्यास हरकत घेणारा माणूस जगात मिळाला नसता, आणि त्यावरून एकही पंप तपासला गेला नसता.

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. १९९८ साली आपल्याच मंडळाने शिक्षणकार्यासाठी सभासदांकडून सूचना मागवल्या होत्या आणि त्या एकत्र करून ठराव लिहिण्याचे काम मजकडे होते. एका विधवा भगिनीची सूचना अशी होती, की परगावाहून कॉलेजात येणाऱ्या आपल्या मुलींसाठी राहण्याची स्वतंत्र सोय व्हावी. मी सर्व सूचनांचे सार काढले आणि लिहिले, 'विद्यार्थ्यांच्या निवासाची योग्य ती सोय करण्यात यावी.' माझ्या मते 'विद्यार्थ्यांच्या' या शब्दात मुली आल्याच होत्या. ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने संमत झाला. त्यातून मुलांच्या वसतिगृहाच्या दोन खोल्या वाढल्या. त्या भगिनीची मुलगी बारावीनंतर घरीच राहिली. सभेनंतर बाई मला एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, ठराव चांगला झाला." त्यांची सूचना मी फेटाळली नव्हती, मी ती सामावून घेतली होती. हेच मला आज अधिक बोचते.

खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघातही हा प्रसंग आलेला आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना पहिल्या कलमात 'ऑल मेन' असे शब्द होते. त्यात स्त्रियाही येतातच, असे म्हणणारे तेथेही होते. परंतु भारताच्या प्रतिनिधी, पूर्वी मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या श्रीमती हंसा मेहता यांनी तेथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असेच म्हटले पाहिजे हा आग्रह सोडला नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरुद्ध एकही मत पडले नाही. आणि जाहीरनाम्यात शब्द राहिला तो हंसाबाईंचा. त्यांच्या आग्रहाने ऐक्य मोडले नाही; उलट ते अधिक खरे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला माझी ही हकीकत सांगितली आणि आम्ही दोघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. विद्यार्थिमित्रांनो, त्या आपल्याही उपयोगी पडतील. पहिली गोष्ट, मते एकत्र करण्यापूर्वी प्रत्येकाने आपली न सोडण्याची गोष्ट स्वतःच्या शब्दांत, एका वाक्यात लिहून द्यावी. दुसरी, सूचनांचे तीन भाग करावेत. ज्या खरोखर एकच आहेत त्या जोडाव्यात. ज्या भिन्न असून परस्परविरोधी नाहीत त्या शेजारी शेजारी वेगळ्या कलमांत ठेवाव्यात. आणि ज्या विरोधी आहेत त्यांवर मोकळेपणी बोलून मुदत, स्थळ वा रक्कम यांत काही तडजोड निघते का ते पाहावे. न निघाल्यास एखादी सूचना सोडावी, पण ती सोडली असे स्पष्ट सांगून सोडावी. तिसरी गोष्ट, प्रत्येक कलमास विचारावे की हे कोणी, कोणासाठी, केव्हा आणि कोणत्या पैशाने करावयाचे. आणि शेवटची, लेखणी ज्याच्या हाती त्याने मसुदा मोठ्याने वाचून प्रत्येकास विचारावे, "यात तुझे कलम कोठे आहे, ते दाखव." ज्यास ते दाखवता येत नाही, त्याचे मत ठरावात आलेले नाही.

नातीने गटापुढे आपले कलम दुरुस्ती म्हणून मांडले. मसुद्याचे सर्व पुरस्कर्ते मान्य असतील तर अशी दुरुस्ती मतदानावाचून मसुद्यात घेता येते, असा तेथील नियम आहे. मसुदा लिहिणारा मुलगा समंजस होता. तो म्हणाला, "मला वाटले ते वरच्या वाक्यात आलेच आहे." माझेही १९९८ साली तेच उत्तर होते. कलम मसुद्यात गेले आणि ठराव संमत झाला. नातीस पारितोषिक मिळाले नाही, परंतु ती आनंदाने घरी आली.

अध्यक्षमहाराज, येत्या वार्षिक सभेपुढे शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची दुरुस्ती यांविषयीच्या सूचना एकत्र करून एकच ठराव येणार असल्याचे मी ऐकतो. तो जरूर एक असावा. माझी नम्र विनंती एवढीच, की परगावच्या विद्यार्थिनींच्या निवासासाठी त्यात स्वतंत्र कलम असावे. त्यात 'विद्यार्थिनी' हाच शब्द असावा, आणि खाटांची संख्या, रक्कम व मुदत ही आकड्यांत लिहिलेली असावी. हे कलम माझे नाही. ते त्या भगिनीचे आहे, आणि मी ते उशिरा परत करीत आहे.