पाणी कुठवर आलं होतं?



मुंबईतला २६ जुलै २००५चा पूर म्हटलं की चोवीस तासांतल्या ९४४ मिलिमीटर पावसाचा आकडा आपल्याला तोंडपाठ असतो. तो सांताक्रूझचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुढे ५ ऑगस्ट २०२०ला उलटं झालं: कुलाब्याला ३३१, सांताक्रूझला १६२, आणि गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह पाण्यात. मुंबईचा पाऊस म्हणून सांगितले जातात ते बहुतेक या दोन ठिकाणचे आकडे. मधल्या दादर, परळ, लालबागचं काय? २००५नंतर महापालिकेनं शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, म्हणून अलीकडचं तरी सांगता येतं. त्याआधीचा पूर शोधायचा तर वर्तमानपत्रं, रोजनिशा आणि माणसांच्या आठवणी यांच्याकडेच जावं लागतं.

शिवाय पाऊस मोजला म्हणजे पूर मोजला असं होत नाही. दादर-परळकडचा हिंदमाता परिसर ही खोलगट परात आहे. चहूबाजूंचं पाणी तिथं उतरतं आणि भरतीच्या वेळी समुद्र ते घेत नाही. असा पूर मोठ्या नोंदींतही येत नाही. जगभरच्या आपत्तींची जी मोठी सूची संशोधक वापरतात, तिच्यात शिरायला दहा मृत्यू, शंभर बाधित किंवा आणीबाणीची घोषणा अशी काहीतरी अट पुरी व्हावी लागते. हिंदमात्याला पाणी तुंबलं की दुकानात शिरतं, कापडाचे गठ्ठे भिजतात, केईएम रुग्णालयात निघालेला रुग्ण वाटेत अडकतो. यातलं सहसा काहीच त्या सूचीत येणार नाही. म्हणून पुरांची प्रादेशिक नोंदवही हवी, आणि ती आपणच केली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये डंडी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जुन्या पुरांचे असे उल्लेख सालवार, मूळ शब्दांत आणि संदर्भासह एकत्र केले. आपल्याकडे तर मराठी वर्तमानपत्रांची परंपरा १८३२च्या 'दर्पण'पासूनची आहे.

काम मात्र निगुतीचं आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे २६ जुलैला कोसळलेला पाऊस तक्त्यात २७ जुलैच्या सकाळच्या नोंदीत सापडतो. वर्तमानपत्रातली २६ आणि तक्त्यातली २७ कुणी न बघता उतरवली, तर एका पुराचे दोन पूर होतात. जुन्या बातम्यांत पाऊस इंचांत असतो, तारीख कधी शके आणि तिथीत. जागांची नावंही बदलतात. २०१८पूर्वीच्या बातमीत प्रभादेवी स्टेशन शोधाल तर हाती काही लागणार नाही, तिथं एल्फिन्स्टन रोडच शोधायला हवं.

सर्वांत मोलाची नोंद खोलीची. आपले लोक पाणी सेंटीमीटरमध्ये सांगत नाहीत. पोटरीपर्यंत, गुडघाभर, कमरेला लागलं, दुकानाच्या दुसऱ्या पायरीवर आलं, असं सांगतात. हे शब्द जसेच्या तसे लिहावेत. नोंद करणाऱ्यानं आपल्या मनानं 'गुडघाभर' म्हणजे पन्नास सेंटीमीटर करू नये. पायरी अजून जागेवर असेल तर टेप लावून मोजता येते, आणि तो आकडा मूळ शब्दांशेजारी वेगळा लिहावा. सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, तेही लिहावं.

आणखी एक रकाना मी आग्रहानं मागेन: त्या वेळी शहरात काय बांधलेलं होतं? पावसाचं पाणी पंपानं उपसणारं ब्रिटानिया उदंचन केंद्र चालू होण्याआधीचं आणि नंतरचं हिंदमात्याचं पाणी सारखं मानून चालणार नाही. २०२१पासून तिथलं पाणी पंपानं ओढून प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत साठवायला सुरुवात झाली. हे नोंदलं नाही, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी पाऊसच कमी झाला असा निष्कर्ष काढेल. शेकडो कोटी खर्चून केलेल्या कामाचा उपयोग किती झाला, हेही मग कुणाला सांगता येणार नाही.

सभागृहात गिरणगावातली जुनी मंडळी बसली आहेत, चाळींचे पदाधिकारी आहेत. आपल्या चाळीचं दप्तर, दुकानाची नुकसानीची यादी, पाण्यात उभ्या मुलांचे फोटो रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे तारीख, वेळ आणि जागा आजच लिहा, आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या.