शिक्षणाच्या खात्याची किल्ली पोरांच्याच हाती हवी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसावर आणि विजेवर आज बोलायचे आहेच. त्याआधी पाच मिनिटे आम्ही घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींबद्दल बोलतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली नियम करून शैक्षणिक श्रेयांक बँक उभी केली. तिला ‘एबीसी’ म्हणतात. या बँकेत पैसा नसतो. विद्यार्थी जो विषय पास होतो त्याचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, त्याच्या खात्यावर शिक्षणसंस्थेने जमा करायचे असतात. खाते डिजिलॉकरमधून, आधार क्रमांकावर उघडते. बारा अंकी नंबर मिळतो. त्यालाच आता ‘अपार’ म्हणतात. संभाजीनगरच्या आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजांतही हा नंबर मागतात.

याचा शेतकऱ्याला उपयोग काय? 2012, 2015, 2018 चे दुष्काळ आपण पाहिले. 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके नेली. अशा साली घरात पहिली काटछाट पोरीच्या कॉलेजावर होते. पूर्वी शिक्षण मधेच सुटले की शिकलेली वर्षे वाया जात. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने वेगळी वाट ठेवली आहे. ठरलेले श्रेयांक पुरे केले तर एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन थांबता येते. जमा श्रेयांक 2021 च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. म्हणजे घरी बसलेली पोरगी पुन्हा कॉलेजात जाऊ शकते. हे कोणाचे उपकार नाहीत, तिची स्वतःची कमाई आहे.

पण त्यासाठी खाते तिला उघडता आले पाहिजे. मेख इथेच आहे. खाते निघते तालुक्याच्या नेट कॅफेत, गर्दीत, घाईत. आधारला जोडलेला मोबाईल बापाच्या खिशात, बाप रानात. कॅफेवाला स्वतःचाच नंबर टाकून, स्वतःच पिन ठरवून मोकळा होतो. तीन वर्षांनी पोरीला त्या खात्यात शिरता येत नाही. सातबाऱ्यावर नावाचे एक अक्षर चुकले तर किती खेटे घालावे लागतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. इथेही आधारवरचे नाव आणि कॉलेजातले नाव जुळले नाही तर तेच भोग येतात.

म्हणून चार कामे करा. पोराचा किंवा पोरीचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या. तो नंबर चालू ठेवा. रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार समोर ठेवून नाव, जन्मतारीख ताडून पाहा. पिन पोरानेच ठरवावा, वहीत लिहून घरी ठेवावा. फोनवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नये. निकालानंतर खाते उघडून श्रेयांक चढले का ते पाहावे. चढले नसतील तर कॉलेजकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

कॉलेजांकडे आमची मागणी साधी आहे: ही नोंदणी कॉलेजातच, मराठीत समजावून, फुकट करून द्या. नंबर नाही म्हणून कोणाचा परीक्षेचा फॉर्म अडवू नका.

माल पिकवायचा आपण आणि गोदामाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, हे शेतमालात आपण फार भोगले. पोरांच्या शिक्षणात ते होऊ देऊ नका.