प्लॅस्टिकमधून वीज
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या. गेल्या वर्षी आमच्या मुलीचा कॉलेजातला प्रयोग बिघडला. ती रडत घरी आली. “जमत नसेल तर शास्त्र सोड,” असे मी बोलून गेले. रात्री तिने मला एक गोष्ट सांगितली, तीच सांगते.

विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असते, म्हणून आपल्याला धक्का बसत नाही. पण १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्याकडे ॲसिटिलीन वायूपासून प्लॅस्टिक करताना, दुधात विरजण घालावे तसे जे द्रव्य घालतात, ते चुकून हजारपट पडले. काळी भुकटी व्हायची, तिथे चकचकीत रुपेरी पापुद्रा धरला! शिराकावांनी तो फेकला नाही, त्याचा अभ्यास केला. पुढे अमेरिकेत मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्याबरोबर त्याला आयोडीनची वाफ दिली, तशी त्यातून धातूसारखी वीज वाहू लागली. हे १९७७ साली जाहीर झाले. २००० साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज अशाच जातीच्या प्लॅस्टिकपासून उन्हावर वीज देणारे पातळ, वाकणारे पत्रे होतात. वीज साठवण्यासाठीही त्याचे प्रयोग चालू आहेत. टिकाऊपणात मात्र त्याला अजून सिलिकॉनची सर नाही.

गोष्ट ऐकून मी खाली मान घातली. मुलगी शास्त्रच शिकते आहे. भगिनींनो, पोरीच्या हातून काही बिघडले, तर आधी तिला बोलू नका. भांड्यात काय झाले आहे ते बघा.