पन्नास रुपयांचा गृहपाठ

दर खेपेला मी तुमच्याशी बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं बोलते. आज लेकरांच्या वह्यांचं बोलणार आहे. आठवी, नववी, दहावीच्या लेकरांना इतिहासाला, मराठीला जे घरून लिहून आणायला सांगतात, त्याचं.

मागं एका गटाची बैठक चालू होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, तेवढ्यात ज्यांच्या घरी बैठक होती त्या ताईंची लेक पुढं आली. नववीला आहे. म्हणाली, "आई, पन्नास रुपये दे. प्रकल्प काढून आणायचाय."

ताईंनी लगेच कमरेची पिशवी सोडली. शिक्षणाला त्या कधी नाही म्हणत नाहीत. मी सहज विचारलं, "कसला प्रकल्प गं?" तिनं वही दाखवली. बाईंनी लिहून दिलं होतं : घरातल्या किंवा गल्लीतल्या एका वयस्कर व्यक्तीची मुलाखत घ्या आणि त्यांच्या तरुणपणाविषयी दीड पान लिहा.

"आणि हे दुकानात मिळतंय?"

"हो ताई, तयारच असतंय. नाव तेवढं बदलायचं."

तिच्याजवळ मैत्रिणीनं आणलेला छापील कागद होता. मी वाचला. त्यात आजोबा निवृत्त मुख्याध्यापक होते, पहाटे उठून व्यायाम करायचे आणि नातवंडांना शिस्तीचं महत्त्व सांगायचे. आता त्या मैत्रिणीच्या आजोबांना आम्ही सगळ्याच ओळखतो. जन्मभर त्यांनी दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून काम केलं. आम्ही पोट धरून हसलो. वर्गातल्या निम्म्या लेकरांचे आजोबा एका रात्रीत मुख्याध्यापक झाले होते!

हसून झालं, आणि मग मला ते टोचायला लागलं. सालगड्याचं आयुष्य दीड पान लिहिण्याच्या लायकीचं नाही, हे त्या लेकराला कुणी शिकवलं? शाळेनं तर उलट विचारलं होतं, की तुमच्या घरचं सांगा. नाही म्हणालो ते आपण, पन्नास रुपये देऊन.

मैत्रिणींनो, मी कुणाला नावं ठेवत नाही. मी स्वतः तेच केलंय. दहावीला 'माझे गाव' या विषयावर निबंध आला. मी गाईडमधला पाठ केलेला उतरवून काढला. माझ्या गावात नदी खळखळ वाहत होती, दोन्ही तीरांवर हिरवीगार शेतं डुलत होती, पक्षी किलबिलत होते. त्याच आठवड्यात मी आणि आई घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होतो. एका घागरीवरून आईची शेजारणीशी झालेली भांडाभांडी मी डोळ्यांनी पाहिली होती. ते माझ्या निबंधात कुठंच नव्हतं. मार्क चांगले पडले. पण त्या निबंधातलं एकसुद्धा वाक्य माझं नव्हतं. पुढं बी. ए. ला आले, सरांनी गावातल्या पाण्यावर चार पानं लिहायला सांगितली, तर मला पहिली ओळ सुचेना. रांगेत उभी राहिलेली मी, आणि मलाच लिहिता येईना. सवयच नव्हती ना.

तर त्या दिवशी बैठकीत त्या लेकीची आजी उंबऱ्याजवळ तूर निवडत बसली होती. मी म्हटलं, "दुकानात कशाला जातीस? आजी घरात आहे की."

आजी हसल्या. "माझ्यात काय लिवण्यासारखं हाय बाई?"

हे वाक्य नीट ऐका. आपल्यातल्या किती जणी हेच म्हणतात. पण नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे 'इतिहासाची साधने'. त्यात कागदपत्रं आहेत, इमारती आहेत, नाणी आहेत, आणि मौखिक साधनंही आहेत. मौखिक म्हणजे तोंडी. म्हणजे आजीनं सांगितलेलं, जात्यावर गायलेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सांगणाऱ्या बायकांतल्या कितीजणींना अक्षर येत नव्हतं. तरी अभ्यासक त्यांच्या दारात गेले. आपल्या लेकराला दार शोधत जावंसुद्धा लागत नाही.

त्या रात्री लेक आजीपुढं वही घेऊन बसली. चार दिवसांनी मी गेले तेव्हा तिनं मला वाचून दाखवलं. बहात्तरच्या दुष्काळातलं होतं. आजी तेव्हा वीस वर्षांची, नुकतीच नांदायला आलेली. गावात प्यायला पाणी नव्हतं, जनावरं सोडून दिली होती. सरकारी दुष्काळी काम निघालं, खडी फोडायचं. बाभळीला झोळी बांधून त्यात पोर ठेवायचं आणि उन्हात दगड फोडायचे. खायला सुकडी आणि लाल मिलो. मिलोची भाकरी थापता थापता तुटायची, चवीला नको वाटायची, पण तीच खायची. शनिवारी पगार. साहेब मस्टर उघडायचा आणि नाव पुकारायचा.

त्या वहीत एक वाक्य होतं, ते मी विसरणार नाही. आजी म्हणाल्या होत्या, "तवर मी अमक्याची सून, तमक्याची बायकू. माझं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते मस्टरवर."

आणि शेवटी नातीनं स्वतःचं लिहिलं होतं : 'आजीने ज्या रस्त्याची खडी फोडली त्याच रस्त्याने मी शाळेत जाते. मला हे माहीत नव्हते.'

दहापैकी सात मार्क पडले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, म्हणून तीन गेले. छापील कागदवाल्यांनाही तेवढेच पडले असतील, कदाचित जास्तच. मार्कांचं मी तुम्हाला आमिष दाखवत नाही. पण त्या आजींनी ते दीड पान नातीकडून तीनदा वाचून घेतलं. मस्टरनंतर त्यांचं नाव कागदावर आलं ते या वहीत.

शाळेतल्या एका निबंधानं काय होऊ शकतं, याची एक खरी गोष्ट सांगते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता नावाची मुलगी शिकत होती. मुक्ता साळवे. मातंग समाजातली. वय चौदाच्या आसपास, म्हणजे आपल्या आठवी-नववीच्या लेकीएवढी. तिनं निबंध लिहिला आपल्या समाजाच्या दुःखाविषयी. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिनं लिहिलं. शिकण्याचा हक्क आम्हाला का नाही, हे विचारलं. 'ज्ञानोदय' नावाच्या नियतकालिकानं 1855 सालच्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तो दोन भागांत छापला. आज दीडशेहून जास्त वर्षं झाली, तो निबंध अजून वाचला जातो, अभ्यासला जातो. त्या काळी मोठमोठे पंडित होते, पण बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही हे त्यांच्या पोथीत नव्हतं. ते मुक्तालाच दिसत होतं, कारण ते तिच्या घरचं होतं. आपल्या घरचं लिहिणं म्हणजे हलकं लिहिणं नव्हे, एवढं त्या पोरीकडून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला लिहिता येत नाही, आम्ही काय मदत करणार? मदत करायला लिहिता यायला लागत नाही. मी आमच्या गटांत सांगते तेच सांगते.

पहिलं, लेकरू 'गृहपाठ आहे' म्हणालं की त्याला प्रश्न मोठ्यानं वाचायला लावा. दोनदा. निम्म्या वेळा लेकरांनी प्रश्न नीट वाचलेलाच नसतो. प्रश्नात 'तुमच्या परिसरातील', 'तुमच्या घरातील' असं आलं, की समजा हा प्रश्न आपल्याकडं आलाय. दुकानात किंवा मोबाईलवर त्याचं उत्तर नाही. मोबाईल पाच मिनिटांत पानभर लिहून देईल, पण ते तुमच्या सासूबाईंचं नसेल.

दुसरं, साल आठवत नसेल तर घाबरू नका. आपल्याकडं खुणा आहेत. दुष्काळाच्या आधी की नंतर? भूकंपाच्या आधी की नंतर? भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून लोक झोपले होते त्या पहाटे. दुष्काळ 1972 चा. तुम्ही खूण सांगा, साल लेकरू काढील.

तिसरं, पोटभर सांगा, पण लिहून देऊ नका. शिकलेल्या आयांना हे खास सांगते. शब्द लेकराचे असू द्या, वेडेवाकडे असले तरी. लिहून झालं की वाचून घ्या, आणि चुकलं तिथं टोका. "असं नव्हतं, असं होतं," एवढं म्हणायचा हक्क तुमचाच आहे.

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे. त्या आजींनी नातीला अजून एक सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात झोळीतलं लेकरू गेलं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे लिहू नको." नातीनं लिहिलं नाही. मला ते सांगितलं आजींनीच, आणि इथं बोलायला होकारही त्यांनीच दिला. घरात दारू असेल, सावकार असेल, मारहाण असेल, तर ते वहीत जावं की नाही, हे ज्याचं दुःख आहे त्यानं ठरवायचं. लेकरांना हे शिकवा : विचारून लिहायचं. आणि घरचं वाचून वर्गात कुणी हसणार नाही याची काळजी घ्या, ही विनंती पालकसभेत बाईंना, सरांना करा. हसू झालं की लेकरू पुढच्या वेळी पुन्हा मुख्याध्यापक आजोबा आणतंय.

आमच्या नळदुर्गात लेकरांना हमखास किल्ला येतो. दरवर्षी तेच पान : बोरी नदी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला पाणीमहाल, बोरी धरण भरलं की नर-मादी धबधबे. सगळं खरं आहे, लिहावंच. पण किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसांचं कोण लिहिणार? आपला भाग निजामाच्या राज्यात होता. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून आल्या, बोरीवरचा पूल त्यांनी शाबूत ताब्यात घेतला, पहिली लढाई इथंच नळदुर्गला झाली. त्या दिवसांत दहा वर्षांची असलेली पोर आज पंच्याऐंशीच्या पुढं गेली. कुणी ज्वारीत लपून राहिलं होतं, कुणी रात्रीत घर सोडलं होतं. एका घरची आठवण एक असेल, शेजारच्या घरची दुसरी, आणि दोन्ही घरं आपल्याच गल्लीतली. लेकरांनी दोन्हीकडं जावं, दोन्ही लिहावं. ही माणसं दरवर्षी कमी व्हायलीत. 17 सप्टेंबरचं छापील भाषण पुढच्या वर्षीही मिळेल. ही आजी मिळेल का?

शेवटी आपल्या अंगावरचं सांगते. लेकरांना बोलायच्या आधी आपली वही बघू. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत दर महिन्याला काय असतं? 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. सर्वांनी बचत जमा केली. चर्चा करण्यात आली.' मागच्या पानावरून पुढच्या पानावर उतरवलेलं. आमच्या एका गटाला बँकेत विचारलं, हे कर्ज कुणाला, कशासाठी द्यायचं ठरलं होतं? वही उघडली, तर 'चर्चा करण्यात आली.' काय चर्चा, कुणी काय म्हटलं, काही नाही. मंजुरी दीड महिना लांबली, आणि जिला शेळ्या घ्यायच्या होत्या तिचा बाजार हुकला. ती वही तपासायचं काम माझं होतं. मीच गाईडमधलं गाव उतरवणारी, मला ते दिसायला पाहिजे होतं.

म्हणून आता आमच्या गटांत एक ठरवलंय. दर बैठकीला इतिवृत्तात एक तरी गोष्ट अशी लिहायची, जी मागच्या महिन्यात घडली नव्हती. आणि ज्यांची लेकरं हायस्कुलात आहेत त्यांनी एकेकीनं सांगायचं : या महिन्यात लेकरानं काय लिहिलं, कुणाला विचारून लिहिलं. सांगायला पाच मिनिटं लागतात.

ते पन्नास रुपये ताईंनी पिशवीत परत ठेवले होते. पुढच्या आठवड्यात लेकीला त्यातून दोनशे पानी वही आणून दिली. आजीचं अजून बरंच सांगायचं राहिलंय म्हणे.

तुमच्याही उंबऱ्याजवळ कुणी तूर निवडत बसलं असेल. आज रात्री लेकराला त्यांच्याजवळ बसवा.