घरातील दूरनियंत्रण आणि हातातला संगणक



ज्या पटांगणात प्रार्थनेच्या रांगेत उभे राहून माझे बालपण गेले, तेथेच गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहताना मन भरून येणे स्वाभाविक आहे. गुरुजी आम्हांला विज्ञान शिकवीत. तास संपत आला की ते फळा पुसत आणि शेवटच्या बाकावरच्या एखाद्याला उठवून म्हणत, "आता तू मला शिकव." त्याला सांगता आले नाही, तर त्याला बोल न लावता "माझे शिकवणे पोहोचले नाही," असे म्हणून दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा घेत. या आठवणीचा आजच्या विषयाशी काय संबंध आहे, ते ओघाने येईलच.

विषय अगदी घरगुती आहे. आपल्या दिवाणखान्यात टीव्हीचा एक रिमोट असतो, सेट टॉप बॉक्सचा दुसरा, कोठे ध्वनियंत्रणेचा तिसरा. या सगळ्यांचे काम खिशातल्या एकाच छोट्या संगणकाकडून करून घेता येईल काय, आणि येत असेल तर ते कोणासाठी करावे, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. माझी आई सौसरला एकटी राहते. संध्याकाळी कीर्तन आणि त्यानंतर मराठी बातम्या, एवढाच तिचा टीव्हीशी संबंध. एके दिवशी तिचा नागपूरला फोन आला, "बापू, टीव्ही निळा झाला." मी फोनवरून सांगत राहिलो, ती बटणे दाबत राहिली आणि पडदा निळाच राहिला. रविवारी मी गेलो, तेव्हा लक्षात आले की बॉक्सचा रिमोट समजून तिने टीव्हीचा रिमोट उचलला होता आणि चित्र कोठून घ्यायचे हे ठरवणारे बटण तिच्या बोटाखाली आले होते. दुरुस्तीला अर्धे मिनिटही लागले नाही. पण चार संध्याकाळी ती निळ्या पडद्यासमोर बसून होती. शेजारच्या मुलाला का बोलावले नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "लोकायले किती खेपा बोलवू?" हे वाक्य माझ्या मनातून जाईना. प्रश्न करमणुकीचा नव्हता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागण्याचा होता.

वस्तुतः हे साधन माणसाची सोय व्हावी म्हणून जन्माला आले. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये टीव्हीला तारेने जोडलेला नियंत्रक विकायला काढला. १९५५ मध्ये याच कंपनीतील युजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोताने चालणारा नियंत्रक केला; पण खिडकीतून आलेले ऊन पडले तरी तो संच चाळवला जाई. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा उपयोग केला. पुढे १९८०च्या सुमारास अवरक्त किरणांचा वापर रूढ झाला आणि आजही बहुतेक रिमोट त्याच किरणांवर चालतात.

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर बऱ्याच मोबाइलांच्या पडद्यावर तेथे जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. विद्यार्थी मित्रांनी घरी हा प्रयोग अवश्य करावा. ऊन आणि दिवे यांच्यातही अवरक्त प्रकाश असतो. त्यातून आपला संदेश वेगळा ओळखता यावा म्हणून रिमोट आपला दिवा सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकवतो आणि त्या लुकलुकण्याचे लहानमोठे तुकडे पाडून शून्य-एकची लिपी तयार करतो. एका प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची हाक, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर ३२ अंक असतात. कोणत्या यंत्राला बोलावले आणि काय करायला सांगितले, हे त्यांत येते. फिलिप्स कंपनीची पद्धत निराळी. तिच्यात वेग ३६,०००चा आणि अंक १४. निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या बोली ठरवल्या, म्हणून एकाचा रिमोट दुसऱ्याच्या संचाला कळत नाही.

ज्याला या सर्व बोली येतात, असा एकच दुभाषी हाती असावा, ही कल्पना त्यातूनच निघाली. ॲपल संगणकाचे एक निर्माते स्टीव्ह वोझनियाक यांनी १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा असा रिमोट बाजारात आणला. तो इतर रिमोटांचे संदेश ऐकून पाठ करी. पुढे हातात मावणारे संगणक आले. १९९० मधील एचपी-४८ या गणकयंत्राला अवरक्त डोळा होता आणि हौशी मंडळींनी त्यावरून टीव्ही चालवून दाखवले. १९९८च्या पाम-३ या हातसंगणकालाही तो होता. 'ऑम्नीरिमोट' नावाच्या प्रणालीने पामचा रिमोट करता येई. मात्र हा डोळा मुळात सुमारे मीटरभर अंतरावरच्या दुसऱ्या संगणकाशी बोलण्यासाठी बसवलेला, त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या संचापर्यंत त्याचा आवाज पोहोचेलच असे नसे. २०१३ पासून अनेक मोबाइलांना खास रिमोटसाठीच असा डोळा आला, आणि नंतर तो आपल्याकडच्या स्वस्त मोबाइलांतही आढळू लागला.

हातसंगणकाचा खरा लाभ कोणता? केवळ तीन वस्तूंची एक झाली, हा नव्हे. प्लास्टिकवर छापलेले बटण जन्मभर तेच राहते. पडद्यावरचे बटण काढता येते, मोठे करता येते, आणि त्यावर हव्या त्या लिपीत लिहिता येते. बंगळूरच्या वैज्ञानिकांनी २००१ मध्ये जगापुढे ठेवलेल्या 'सिम्प्युटर' या भारतीय हातसंगणकामागेही हाच विचार होता. भारतीय भाषा समजणारे आणि गावातील अनेकांनी मिळून वापरावे असे ते यंत्र बाजारात फार चालले नाही, परंतु यंत्राने माणसाची भाषा शिकावी, हा त्याचा आग्रह आजही मोलाचा आहे. आपल्या भागाला तो अधिकच लागू पडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर एका राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौसर दुसऱ्या राज्यात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हा आपला क्रम कायम आहे. त्यात रिमोटवरची अक्षरे इंग्रजी! आपल्या आयाबहिणींनी एका खोलीत किती उंबरठे ओलांडावेत?

म्हणून मी घरातील एक जुना, अवरक्त डोळा असलेला मोबाइल घेतला आणि त्यावर चार मोठी बटणे मराठीत मांडली. पहिल्या बटणाने आधी टीव्ही सुरू व्हावा, मग बॉक्स, आणि मग मराठी वाहिनी लागावी, अशी आज्ञांची माळ मी गुंफली. आईच्या हाती ती देऊन मोठ्या समाधानाने मी नागपूरला परतलो. दुसऱ्याच संध्याकाळी फोन आला, "टीव्ही लागते, पण डब्बा बंद होते."

कारण शोधले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. बहुतेक रिमोटांमध्ये 'चालू' आणि 'बंद' यांची आज्ञा एकच असते. बॉक्स आधीपासून चालू असेल, तर तीच आज्ञा त्याला बंद करते. शिवाय पहिली आज्ञा जाताच आई मोबाइल खाली ठेवी आणि उरलेल्या आज्ञा भिंतीला ऐकू जात. रिमोट केवळ बोलतो. त्याला ऐकू येत नाही. आपली आज्ञा पोहोचली की नाही, याची त्याला वार्ताही नसते. माझा सारा हुशारपणा या एका बहिरेपणावर फसला होता. आणि खरे सांगायचे, तर मीही बहिराच होतो. बटणे कोणती असावीत, हे मी आईला विचारलेच नव्हते.

त्या रविवारी आम्ही दोघे समोरासमोर बसलो. आई म्हणाली, वाहिनीचे बटण सर्वांत वर हवे, कारण तेच अधिक लागते. टीव्ही आणि बॉक्स यांची बटणे तिने वेगळी करून घेतली. बॉक्सचा लाल-हिरवा दिवा पाहून ती स्वतः ठरवते की दाबायचे की नाही. जे यंत्राला ऐकू येत नव्हते, ते तिच्या डोळ्यांनी पाहिले. आवाजासाठी मात्र तिने मोबाइल नाकारला. काचेवर उंचवटा नसतो, अंधारात बोटाला बटण सापडत नाही. तेव्हा टीव्हीच्या रिमोटवरील आवाजाची दोन बटणे सोडून बाकी सर्व बटणांवर आम्ही पुठ्ठा कापून चिकटवला. खर्च शून्य! मोबाइल रोज चार्जिंगला लावावा लागतो, हे तिला अजून आवडत नाही. पण निळ्या पडद्याचा फोन पुन्हा आला नाही.

मित्रहो, ऐकणारे दूरनियंत्रणही असते. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी शेतकऱ्यासाठी 'नॅनो गणेश' हे साधन तयार केले आणि २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याचा गौरव झाला. मोबाइलवरून शेतातला पंप सुरू करता येतो, आणि तेथे वीज आहे की नाही, पंप चालू झाला की नाही, हे शेतकऱ्याला घरी कळते. आपल्याकडचा संत्र्याच्या बागेचा मालक याचे मोल लगेच जाणेल. ओलिताच्या रात्री केवळ पाहून येण्यासाठी मारलेली खेप त्याला ठाऊक आहे. दिवाणखान्यातही आता टीव्ही आणि बॉक्स यांना जोडणाऱ्या एचडीएमआय तारेतून ती दोन यंत्रे परस्परांशी बोलू शकतात. संचाच्या मांडणीत ती सोय चालू केली, तर पुष्कळदा एकच रिमोट पुरतो. नवे काही विकत घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रॅड मायर्स आणि जेफ्री निकोल्स यांनी हातसंगणकावरून घरातील उपकरणे चालवण्याचा अभ्यास केला. नीट आखलेल्या पडद्यावर लोकांची कामे लवकर झाली आणि चुकाही कमी झाल्या, असे त्यांना आढळले. यातला 'नीट आखलेल्या' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. म्हातारी माणसे 'शिकत नाहीत' असे आपण सहज म्हणतो. त्यांना शिकवण्यापूर्वी आपण त्यांना काय विचारले, हे मात्र आठवत नाही.

गुरुजी शेवटच्या बाकावरच्या मुलाला "तू मला शिकव" म्हणत, त्याचा अर्थ मला आईच्या त्या चार बटणांनी कळला. येथील अनेक माजी विद्यार्थी आज नागपूर, पुणे, भोपाळ येथे आणि परदेशात आहेत; त्यांच्या घरी, याच गावांतून, कोणीतरी दोन रिमोट हातात घेऊन बसले असेल. पुढच्या वेळी घरी जाल, तेव्हा नवे यंत्र नेऊ नका, असे मी म्हणणार नाही. अवश्य न्या. परंतु ते पिशवीतून काढण्यापूर्वी समोर बसा आणि विचारा, "तुला यातले काय लागते?" उत्तर येईपर्यंत थांबा.